दाजींची मोकळी पिन

माझे दाजी लिफ्ट दुरुस्त करतात, एवढं सांगितलं की समोरचा माणूस पुढचं वाक्य स्वतःच बोलतो: मग त्यांच्याकडे लिफ्ट कधी बंद पडत नसेल. नाही पडत. दाजी राहतात त्या इमारतीला लिफ्टच नाही. घर चौथ्या मजल्यावर. एकतीस वर्षं हा माणूस दिवसभर लोकांची वर जायची सोय करतो आणि संध्याकाळी स्वतः बहात्तर पायऱ्या चढतो. ताई म्हणते, बरंय, तेवढा वेळ तरी तोंड बंद असतं.

दाजींचा सगळा जीव कानात. जुन्या लिफ्टची गच्चीवर एक खोली असते, तिच्यात एक लोखंडी कपाट, आणि कपाटात पन्नास-साठ रिले. रिले म्हणजे वीज आली की ओढली जाणारी आणि वीज गेली की सुटणारी एक छोटी पट्टी, टोकाशी तार जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्ट असलेली. ओढली की टक्, सुटली की टक्. खाली कुणी बटण दाबलं की वर कपाटभर टकटक सुरू होते. दाजी डोळे मिटून उभे राहतात. मग एक बोट वर करून म्हणतात, "तिसऱ्या मजल्याचा लंगडतोय." पाचातून चार वेळा ते बरोबर निघतं. पाचवी वेळ त्यांच्या लक्षात राहत नाही.

मग कंपनीत नवीन लिफ्ट यायला लागल्या. कपाटाच्या जागी जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आत हिरवी पाटी, तिच्यावर ओळीनं बसलेल्या काळ्या चिप, प्रत्येकीला किड्यासारखे पाय. साहेबांनी सगळ्या मेकॅनिकना बोलावून सांगितलं, तंत्रशाळेत संध्याकाळचा बारा आठवड्यांचा वर्ग आहे, डिजिटल लॉजिकची तोंडओळख. शेवटी परीक्षा. शंभरपैकी पन्नास गुण मिळवील तो लिफ्टवर राहील. बाकीचे गोदामात, सुट्या भागांची देवघेव सांभाळायला.

गोदाम तळघरात आहे. दाजी घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "तिथं काही वर जात नाही आणि खाली येत नाही." एवढंच. पुढे काही विनोद नाही, साहेबांची नक्कल नाही. ताई मला दुसऱ्या दिवशी म्हणाली, "घाबरलाय रे तो." नवऱ्याला ती एरवी अहो-जाहो करते. भीतीच्या वेळी माणसाचं वय आणि मान दोन्ही उतरतात बहुधा.

वर्गात वीसेक जणं होती, बहुतेक विशीतली. दाजी छपन्न. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या निम्म्या वयाच्या, अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा जांभई गिळायचा. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "इथं आपल्याकडे दोनच गोष्टी आहेत. शून्य आणि एक. तिसरं काही नाही."

दाजींनी वही उघडली, तारीख घातली, शून्य लिहिलं, एक लिहिलं आणि वही मिटली. एवढंच असेल तर निघावं, असा चेहरा.

मग फळ्यावर पहिलं गेट आलं, म्हणजे आत आलेल्या शून्य-एकांवरून बाहेर काय सोडायचं ते ठरवणारी चिपमधली जोडणी. दोन्ही इनपुट एक असतील तरच आउटपुट एक. दाजींचा हात वर.

"मॅडम, हे तर बाहेरचं दार आणि आतलं दार."

"म्हणजे?"

"दोन्ही लागली तरच लिफ्ट हलते. एकाच तारेवर दोन कॉन्टॅक्ट, एकामागे एक."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "हे अँड."

दुसरं गेट आलं, कुठलंही एक इनपुट एक असलं तरी आउटपुट एक. पुन्हा हात. "आतलं बटण आणि मजल्यावरचं बटण. कुणीही दाबा, लिफ्ट येणार. दोन कॉन्टॅक्ट शेजारी शेजारी." तिसरं गेट, एकाचं शून्य आणि शून्याचं एक करणारं. "हा आमचा उलटा कॉन्टॅक्ट. रिले ओढला की सुटतो, सुटला की लागतो."

मॅडमना कौतुक वाटलं. त्यांनी दाजींना पुढे बोलावून हे सगळं फळ्यावर काढून दाखवायला सांगितलं. ही मॅडमची चूक. त्या दिवसापासून दाजी घरी यायचे ते विद्यार्थी म्हणून नाही, पाहुणे व्याख्याते म्हणून. एकतीस वर्षं आपण जे पकडीनं आणि पान्यानं करत आलो त्याला नाव आहे, चिन्ह आहे आणि पुस्तकात धडा आहे, हे कळल्यावर माणसाचं जे होतं ते झालं होतं.

ट्रुथ टेबल नावाचा प्रकार त्यांना फार आवडला. इनपुटच्या जेवढ्या जोड्या शक्य आहेत तेवढ्या ओळी मांडायच्या आणि प्रत्येकीपुढे उत्तर लिहायचं. कुठली शक्यता सुटायची नाही. दाजींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठी भरून टाकल्या. एका रविवारी मी गेलो तर दोघांचं चाललं होतं.

"हे बघ," दाजी म्हणत होते, "मी वेळेवर आलो आणि तू घरी असलीस, तरच जेवण गरम. दोन इनपुट, चार ओळी."

"पाचवी लिहा."

"पाचवी नसते."

"लिहा तर. नवऱ्यानं स्वतः उठून गॅस पेटवला, जेवण गरम."

दाजींनी पेन्सिल कानामागे लावली. "मग तीन इनपुट झाले. आठ ओळी होतील."

"होऊ देत आठ. पण त्या तिसऱ्या इनपुटवर एक आलेला मी लग्नापासून पाहिलेला नाही."

दाजी माझ्याकडे वळले. "मेहुणे, तुमच्या बहिणीचं लॉजिक पक्कं आहे. वर्गात हवी होती."

"वर्गात जागा नाही," ताई म्हणाली. "सगळी तुम्ही बोलून भरलीय."

पुढच्या आठवड्यांत चौकोनांचा नकाशा आला. चौकोनांत शून्य आणि एक भरायचे, शेजारशेजारच्या एकांभोवती कुंपण घालायचं, की सर्किट लहान होतं. दाजींना कुंपण पटलं. पण नकाशाची डावी कड उजव्या कडेची शेजारीण असते, हे काही केल्या पटेना. "मधे अख्खा कागद पडलाय आणि म्हणे शेजार." तीन दिवस ते या अन्यायावर बोलत होते. चौथ्या दिवशी ताईचा साखरेचा डबा मिळेना. तो दाजींच्या टेबलावर सापडला, भोवती कागद गुंडाळलेला, डावी कड उजवीला चिकटलेली. दाजी डबा फिरवून फिरवून बघत होते, पृथ्वी गोल आहे हे आजच समजल्यासारखे.

फ्लिप-फ्लॉपला मात्र त्यांनी वेळ घेतला नाही. लिफ्टचं बटण दाबून सोडलं तरी दिवा लागलेलाच राहतो, कारण रिले स्वतःच्याच कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो. "तेच हे," दाजींनी ताईला सांगितलं. "एकदा सांगितलं की लक्षात ठेवतो."

"एवढ्याशा किड्याला जमतं?" ताई म्हणाली, आणि न्हाणीघरातल्या दिव्याकडे बघितलं. तो जाऊन अकरा दिवस झाले होते.

इथवर सगळं कागदावर होतं. सहाव्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात चिप आल्या आणि भोकाभोकांची पांढरी पाटी आली. भोकांत चिपचे पाय बसवायचे, मग या पायापासून त्या पायापर्यंत तारा खोचायच्या. पायांना मॅडम पिन म्हणायच्या, म्हणून दाजीही म्हणू लागले. त्यांच्या बोटांना हे काम नवं नव्हतं, फक्त बारीक होतं. वर्गातली पोरं अजून पहिली तार सोलत असायची तोवर दाजींचा दिवा लागलेला.

पण तो दिवा विचित्र होता. दाजी जवळ असले की लागायचा. ते पाणी प्यायला गेले की विझायचा. कधी मिणमिणायचा, कधी ठणठणीत. दाजींनी चिप बदलली, तेच. तारा बदलल्या, तेच. मग त्यांच्या लक्षात आलं की हात पाटीवर नुसता धरला तरी दिवा लागतो. न शिवता.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. दाजी सुखावले.

"हाताला गुण असतो," त्यांनी घरी सांगितलं. "तुम्हाला नाही कळायचं. माझा हात ओळखते ती चिप."

"मला तुमचा हात तीस वर्षं ओळखीचा आहे," ताई म्हणाली. "मी नाही पेटत."

आठव्या आठवड्यात मॅडमनी चाचणी घेतली. यापुढचं मी मॅडमच्या तोंडून ऐकलेलं आहे. पुढे त्यांचं घरी येणंजाणं झालं. दाजी हा प्रसंग वेगळा सांगतात आणि लवकर आटपतात.

तीन इनपुटांचं अँड गेट होतं, त्यातले दोनच वापरायचे होते. दाजींनी दोन जोडले, पाटी पुढे सरकवली आणि हात टेबलावर ठेवून उभे राहिले. दिवा लागला होता.

"छान," मॅडम म्हणाल्या. "काका, जरा मागे व्हा बरं."

"असू दे मॅडम, इथनं दिसतंय."

"मला दिसत नाहीये. दोन पावलं."

दाजी एक पाऊल मागे झाले. दिवा मंद झाला. दुसऱ्या पावलाला विझला. वर्गात कुणीतरी हसलं. मॅडमनी पाटी उचलून चष्म्याजवळ नेली.

"तिसऱ्या इनपुटला तार कुठंय?"

"तो वापरायचा नव्हता."

"म्हणून?"

"म्हणून जोडला नाही. तार नाही, म्हणजे वीज नाही. वीज नाही म्हणजे शून्य... नाही, इथं एक हवा. पण चिपचा काय संबंध? मी तिला काही सांगितलंच नाही ना."

"तेच तर. तुम्ही काही सांगितलं नाही. तार नाही म्हणजे शून्य नव्हे. आणि एकही नव्हे. ती पिन मोकळी आहे, काका. हवेत आहे. जवळून हात गेला तर हाताचं ऐकेल, भिंतीतली वायर बोलली तर तिचं ऐकेल. वापरायची नसली तरी कुठंतरी बांधा. वर, म्हणजे एकला, नाहीतर खाली, शून्याला."

दाजींचं सगळं आयुष्य ज्या धंद्यात गेलं तिथं तुटलेली तार कधी खोटं बोललेली नव्हती. तार तुटली की रिले सुटला, रिले सुटला की लिफ्ट थांबली. काही येत नाही याचा अर्थ 'नाही', हा तिथला पहिला नियम, आणि त्या नियमावर इतकी वर्षं इतकी माणसं सुखरूप वर-खाली गेलेली. चाचणीत त्यांना वीसपैकी सहा मिळाले. बहात्तर पायऱ्या चढून आले आणि खुर्चीत तसेच बसले, बूट न काढता.

ताईनं विचारलं नाही. ती भाजी निवडत राहिली. बऱ्याच वेळानं दाजीच म्हणाले, "मला सांग, तू गप्प बसतेस तेव्हा त्याचा अर्थ काय असतो?"

"आजवर काय धरत आलात?"

"चालेल, असं."

"माहितीय मला."

"मग? चुकलं?"

ताईनं एक काडी मोडली, वास घेतला, टाकून दिली. "कधी चालायचं. कधी नाही चालायचं."

ती ज्या सहजपणे बोलली त्यानंच दाजींना धक्का बसला. पुढचे चार दिवस त्यांनी घरात एकही पिन मोकळी सोडली नाही. चहा हवा, हो की नाही? खिडकी लावू, हो की नाही? तुझ्या भावाला रविवारी बोलवू? नुसती मान हलवलेली चालायची नाही. पाचव्या दिवशी ताई म्हणाली, "आता एक शब्द विचारलात तर मी माहेरी जाईन, आणि हे पक्कं एक आहे." तेव्हा थांबले. वर्गात मात्र त्यांनी उरलेली प्रत्येक पिन वर नाहीतर खाली बांधली. त्यांची पाटी साळिंदरासारखी दिसू लागली. मॅडम म्हणाल्या, इतकीही गरज नाही. दाजी म्हणाले, असू दे.

परीक्षेच्या सकाळी ताईनं त्यांना दारातच थांबवलं.

"तिथं तोंड उघडायचं नाही. काय ते हातानं करायचं. विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर, नाहीतर गप्प. कळलं?"

"हो."

"नीट म्हणा."

"हो म्हटलं की. गोदामात तुला जायचंय का मला?"

"तुम्ही गोदामात गेलात तर रोज संध्याकाळी घरी मीच आहे," ताई म्हणाली.

परीक्षा तीन तासांची. बाहेरून परीक्षक आले होते, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला चार पेनं, प्रत्येक वेळी पाचवं हातात. त्यांच्याकडे एक छापील उत्तरपत्रिका होती आणि ते ती छातीशी धरून फिरत होते. आणि प्रश्न कुठला यावा? तीन मजल्यांची लिफ्ट. बटणांच्या जागी बटणं, मोटरच्या जागी लाल दिवा, दाराच्या जागी एक लहानसा स्विच. दाजींनी आजूबाजूला पाहिलं. पोरं घाम पुसत होती. त्यांनी पेपर हातात धरून असा श्वास घेतला की जणू घरचीच पत्रिका आलीय.

मग ते तिसऱ्या वाक्यावर थांबले. 'दार उघडे असताना दाराच्या इनपुटवर एक येईल. इनपुट एक असताना मोटर चालता कामा नये.'

त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं. लिफ्टच्या धंद्यात हे उलटं असतं. तिथं बंद दार बोलतं. मी बंद आहे, मी बंद आहे, असं तारेतून एकसारखं सांगत असतं, आणि ते सांगणं थांबलं, कुठल्याही कारणानं थांबलं, की लिफ्ट उभी राहते. इथं उघड्या दारानं बोलायचं होतं. आणि उघड्या दाराची तार तुटली तर? मॅडमच्या नियमाप्रमाणे इनपुट खाली बांधलेला, म्हणजे तिथं शून्य येणार, पक्कं शून्य. लिफ्ट समजणार, दार बंद आहे. आणि सुटणार.

दाजींनी पेपर पालथा ठेवला आणि सर्किट आपल्या पद्धतीनं लावलं. बंद दाराला एक, उघड्याला शून्य. सव्वादोन तासांत काम चोख झालं, बटणं लक्षात राहत होती, दिवे मजल्यामजल्यानं सरकत होते. मॅडम देखरेखीला होत्या. फिरत फिरत त्यांच्या टेबलाशी आल्या, स्विच पाहिला, दिवा पाहिला, आणि जागीच थबकल्या. परीक्षेत सांगता तर काही येत नाही.

"काका, प्रश्न परत एकदा वाचा."

"वाचला, मॅडम."

"परत."

"दोनदा वाचला."

"तिसऱ्यांदा वाचायला काय जातंय तुमचं?" मॅडमचा आवाज इतका चढला की परीक्षकांनी वर पाहिलं. त्या पुढे निघून गेल्या.

पंचेचाळीस मिनिटं उरली होती. बदल एवढाच करायचा होता की मधे एक उलटं करणारं गेट घालायचं, दोन तारा हलवायच्या. पाच मिनिटांचं काम. दाजींना ते दिसत होतं. तळघरातलं गोदामही दिसत होतं, तिथला पिवळा दिवा आणि फळीवर ओळीनं झोपलेले, कधीच कशाला न जोडलेले सुटे भाग. समोर जे आहे ती लिफ्ट नव्हती, एक पाटी होती, तिच्यातून कुणी पडणार नव्हतं. हे सगळं खरं होतं. तरी त्यांचे हात दहा मिनिटं टेबलावर नुसते पडून होते. बडबड्या माणसाचं गप्प बसणं फार वाईट दिसतं, मॅडम मला म्हणाल्या, मला वाटलं बरं वाटत नाहीये की काय.

मग त्यांनी ते गेट लावलं. सर्किट प्रश्नाप्रमाणे चालू झालं. आकृती काढली, ट्रुथ टेबल भरलं. आणि खाली, रोज दुरुस्तीच्या कार्डावर लिहितात त्या अक्षरात, लिहिलं: 'वरील सर्किट प्रश्नाप्रमाणे बरोबर आहे. मी हे माझ्या कुठल्याही लिफ्टला लावणार नाही.' त्याखाली तारीख, वेळ, आणि पूर्ण सही. एकतीस वर्षं लिफ्टबद्दलचा कुठलाही कागद त्यांनी बिनसहीचा सोडला नव्हता. उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक असतो, सही केली तर पेपर बाद होतो, हे पहिल्या पानावर ठळक छापलं होतं. ते त्यांनी वाचलं नव्हतं. प्रश्न मात्र तीनदा.

परीक्षक आले. बटणं दाबली, स्विच हलवला, छापील उत्तराशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर. पेन कागदाला टेकवणार तोच त्यांची नजर खाली गेली.

"हे काय लिहिलंय?"

ताईची अट होती, विचारलं तर उत्तर. विचारलं होतं.

"साहेब, तार तुटली तर?"

"कुठली तार?"

"दाराची."

"परीक्षेत तार तुटत नाही."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. "परीक्षेत उंदीर नसतात. लिफ्टच्या शाफ्टमधे असतात."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. दाजींनी स्विच 'दार उघडं' वर केला, लाल दिवा विझला. मग दोन बोटांनी दाराची तार हळूच उपटली. लाल दिवा लागला. परीक्षकांनी स्वतः स्विच हलवून पाहिला. उघडं, बंद, उघडं. दिवा लागलेलाच. नखाएवढा दिवा, पण ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"आता तुमच्या पद्धतीनं दाखवा."

दाजींनी ते गेट काढलं, तारा पूर्ववत केल्या. दार बंद, दिवा लागला. तार उपटली. दिवा विझला.

"हं," परीक्षक म्हणाले. त्यांनी काहीतरी लिहिलं, पण हाताच्या आड. मग म्हणाले, "ती सही खोडा आधी. माझ्यासमोर. पूर्ण."

"खोडली तर हे कुणी लिहिलंय ते कसं कळणार?"

"कळलंय," परीक्षक म्हणाले. "खोडा."

मागे मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

निकाल आठ दिवसांनी तंत्रशाळेच्या पहिल्या मजल्यावर लागायचा होता. त्या आठ दिवसांत दाजींनी परीक्षकांच्या 'हं'चे चौदा अर्थ लावले. एकदा वाटायचं कौतुक होतं, एकदा वाटायचं पेपर बादच केला असणार. जेवताना मधेच 'हं' म्हणून पाहायचे, वेगवेगळ्या सुरात, आणि ताईला विचारायचे, यातला कुठला वाटतो. ताई म्हणाली, मी तिथं नव्हते. सहाव्या दिवशी साहेबांनी गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा कुणाकडे द्यायचा याची चौकशी केली, तेव्हापासून दाजींचं जेवण निम्म्यावर आलं.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दाजी जिन्याच्या खालच्या पायरीशी आले आणि चपलेचा अंगठा बघू लागले. "तुम्ही व्हा पुढे. इथं जरा वारं बरंय." वारं अजिबात नव्हतं. ताईनं हातातल्या दोन पिशव्या माझ्याकडे दिल्या, पदर खोचला आणि एकटी वर गेली.

ती खाली आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. दाजी तिच्याकडे बघत राहिले. ती पण बघत राहिली.

"बोल की," दाजी म्हणाले.

"बावन्न."

"किती?"

"बावन्न. पाच आणि दोन."

दाजी पायरीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. पाठ हलत होती, हसत होते की काय ते कळेना. ताई त्यांच्याशेजारी टेकली. पिशव्या माझ्याच हातात.

"गोदाम नाही?" त्यांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

"नाही. हो की नाही विचाराल तर नाही. पक्कं नाही."

वरून दोन मुलं उतरली, काका अभिनंदन म्हणाली, दाजींनी बसल्याबसल्या हात वर केला. ताई म्हणाली, "चला आता, उन्हाच्या आत घरी पोचू."

दाजी उठले. शर्ट झटकला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. बाहेर पडायचं तर दोन पायऱ्या वर चढले.

"आता कुठं?"

"मॅडम असतील वर. एक विचारायचंय त्यांना."

"आता काय राहिलंय विचारायचं?"

"सर्किट दोन पद्धतींनी चालवून दाखवलं, एकदा त्यांच्या आणि एकदा माझ्या," दाजी म्हणाले. "मग अठ्ठेचाळीस गेले कुठं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्या खाली ठेवल्या. दाजी कठडा धरून जिना चढायला लागले होते.